आधी तपासणाऱ्याचे हात बांधा : स्टाइल गाइड करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
पुण्यातल्या सॉफ्टवेअर आणि इंजिनिअरिंग कंपन्यांमध्ये इंग्रजी लेखनाचं स्टाइल गाइड, म्हणजे कसं लिहायचं याची नियमावली, तयार करणाऱ्या, मंजूर करणाऱ्या आणि सगळ्यांना मेलने पाठवून मोकळं होणाऱ्या मंडळींस,

स. न. वि. वि.

मागच्या पावसाळ्यात एका शब्दापायी आमच्या टीमचा अख्खा शनिवार गेला. आमच्याकडे बार्शीचा एक मुलगा आहे. डेटाबेसमधलं त्याला जेवढं कळतं तेवढं हिंजवडीच्या आमच्या मजल्यावर कुणालाच कळत नाही, हे त्याच्या पाठीमागे सगळे कबूल करतात. शुक्रवारी संध्याकाळी त्याने एका कॉन्फिग फाइलमधला, म्हणजे सेटिंगच्या फाइलमधला, टाइमआउटचा (किती वेळ वाट बघून थांबायचं त्याचा) आकडा बदलला आणि बस चुकू नये म्हणून घाईघाईत परदेशातल्या सहकाऱ्याला एक ओळ टाकली : ‘प्लीज रिव्हर्ट ऑन द कॉन्फिग चेंज.’ त्याला म्हणायचं होतं, बदल बघा आणि काय ते कळवा. बँकेपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत आपल्याकडे ‘रिव्हर्ट’ करणं म्हणजे उत्तर देणं. पण तिकडचा माणूस गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, उघडून बसलेला, आणि गिटमध्ये रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल उलटवणं. त्याने सांगितल्याबरहुकूम केलं. वर ‘डन’ असंही लिहिलं. शनिवारी पहाटे साडेपाचला मुलाचा फोन वाजायला लागला.

सोमवारच्या बैठकीत टाइमआउटबद्दल पाच मिनिटं बोलणं झालं आणि त्याच्या इंग्रजीबद्दल पाऊण तास. शेवटी त्याला ‘कम्युनिकेशन’च्या ट्रेनिंगला बसवायचं ठरलं. तो मान खाली घालून ऐकत होता. तुमच्यापैकीच कुणीतरी केलेलं ८४ पानांचं स्टाइल गाइड तेव्हा सहा महिने शेअरपॉइंटवर, ऑफिसच्या सामायिक फायलींच्या साइटवर, पडून होतं. त्या रात्री मी ते पुन्हा उघडलं. शीर्षकात कोणकोणतं अक्षर मोठं काढायचं यावर त्यात सात पानं आहेत. ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम द्यावा की नाही यावर दीड पान. ‘रिव्हर्ट’ हा शब्द कुठेच नाही.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा तांत्रिक लोकांना स्टाइल गाइडचा उपयोग होतो का, हे तुम्ही दर वर्षी सर्व्हे काढून विचारता. मी दर वर्षी ‘होतो’वर टिक करते. खाली शेऱ्यासाठी चार ओळींची जागा असते. त्या चार ओळींत जे मावत नाही ते इथे लिहिते.

मी मूळची कोरेगावची. दहावीपर्यंत मराठी माध्यम. डिप्लोमा झाल्यावर पहिली नोकरी भोसरीला, मशीनच्या कारखान्यात मॅन्युअल लिहायची. पहिल्याच दिवशी साहेबांनी हातात प्रिंटआउटचा एक गठ्ठा ठेवला. विमानाच्या देखभालीची कागदपत्रं लिहिण्यासाठी घडवलेलं सोपं इंग्रजी, ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’. आमचा विमानाशी संबंध लोहगावला उतरणाऱ्या विमानांचा आवाज ऐकण्यापुरता. पण साहेबांचं म्हणणं असं की, जे इंग्रजी कुठल्याही देशातल्या मेकॅनिकला कळावं म्हणून केलंय, ते भोसरीतल्या ऑपरेटरलाही कळेल.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस युरोपातल्या विमान कंपन्यांनी विमानं बनवणाऱ्यांना सांगितलं की तुमच्या मॅन्युअलचं इंग्रजी जरा वाचण्याजोगं करा, कारण ते वाचणाऱ्या कितीतरी जणांची ती भाषाच नाही. १९८६ मध्ये पहिली मार्गदर्शिका आली. आज ती एएसडी-एसटीई१०० या नावाने चालते. कृती सांगणाऱ्या वाक्यात २० पेक्षा जास्त शब्द नकोत, वर्णनाच्या वाक्यात २५ पेक्षा जास्त नकोत. नामांना नामं जोडून माळ करायची तर तीन शब्दांपर्यंतच. मान्य शब्द सुमारे ९००, आणि एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ. ‘फॉलो’ म्हणजे मागून येणं, बस. सूचना ‘फॉलो’ करायच्या नाहीत, ‘ओबे’ करायच्या. ‘टेस्ट’ हे फक्त नाम, त्यामुळे लिहायचं ‘डू अ टेस्ट’. कानाला विचित्र लागतं, पण चुकीचा अर्थ काढायला जागा राहत नाही.

कॉलेजात कमावलेलं भारदस्त इंग्रजी विसरायला मला वर्ष लागलं. पण त्या वर्षात पहिल्यांदाच वाक्य लिहिताना छातीत धडधडलं नाही. ‘कमेन्स’ लिहू की ‘इनिशिएट’ लिहू हा प्रश्नच उरला नाही, कारण पुस्तकात ‘स्टार्ट’ दिलेलं होतं. इंग्रजी ज्यांना घरातून मिळालंय त्यांना अशा नियमांचा जाच वाटतो. मला तर डोक्यावरची पाटी उतरल्यासारखं झालं.

एवढं शिकूनही पुढे मी चुकलेच. हिंजवडीत आल्यावर एका रनबुकमध्ये, म्हणजे सिस्टिम चालवणाऱ्याने पायरीपायरीने काय करायचं त्या पुस्तिकेत, मी लिहिलं होतं : ‘द सर्व्हिस शुड बी स्टॉप्ड बिफोर टेकिंग द बॅकअप.’ नाइट शिफ्टच्या मुलाने वाचलं आणि अर्थ घेतला की बॅकअपच्या आधी सर्व्हिस बंद झालेली असेल, कुणीतरी केलीच असेल. त्याने सरळ बॅकअप घेतला. तो बॅकअप बिनकामाचा निघाला. नशीब की हे रिस्टोअरच्या सरावात लक्षात आलं, खऱ्या संकटात नाही. मी त्याला म्हटलं, ‘अरे, शुड म्हणजे करायचं.’ तो म्हणाला, ‘ताई, ट्रेन सातला यायला हवी म्हणतो तेव्हा ट्रेन आपण आणतो का?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मराठीत हा घोटाळा झालाच नसता. ‘बंद करा’ वेगळं, ‘बंद असेल’ वेगळं, ‘बंद असायला हवी’ वेगळं. मराठीत विचार करून मग इंग्रजीत लिहिलं असतं तर ‘स्टॉप द सर्व्हिस’ एवढंच झालं असतं. पण मी विचार केला तो प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये. एम, अ‍ॅपरेटस, प्रोसीजर, आणि मग ‘रीडिंग वॉज टेकन’, ‘इट वॉज ऑब्झर्व्ह्ड’. सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरच्या जर्नलवरून उतरवून काढलेलं ते इंग्रजी आपल्या इंजिनिअरांच्या हाडीमाशी मुरलेलं असतं. त्यात कर्ता नसतोच. त्यातून आपलं सरकारी मराठी ‘करण्यात येत आहे’वालं, म्हणजे घरचं वळणही तेच. ‘पॅसिव्ह टाळा’ एवढी एक ओळ लिहून ही सवय जात नाही. आणि पॅसिव्ह सगळीकडे वाईट असंही मी म्हणणार नाही. ‘येथे गाडी लावल्यास हवा काढली जाईल’ या पाटीचा सगळा जोर हवा कोण काढणार हे गुलदस्त्यात ठेवण्यात आहे. रनबुक म्हणजे पाटी नव्हे, तिथे कोणी काय करायचं हे कळलंच पाहिजे, एवढाच फरक.

‘शुड’वरून फक्त आम्हीच अडखळतो असंही नाही. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांना १९९७ च्या मार्चमध्ये आरएफसी २११९ नावाचं टिपण काढावं लागलं. जेमतेम तीन पानं. ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ म्हणजे नेमकं काय, एवढंच त्यात सांगितलंय. ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असेल तर ती गोष्ट सोडता येईल, पण सोडल्याने काय होईल ते पुरतं समजून. तरी गोंधळ मिटला नाही. २०१७ मध्ये आरएफसी ८१७४ काढून पुन्हा सांगावं लागलं की हे खास अर्थ मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या शब्दांपुरतेच आहेत. इंग्रजी ज्यांचं रोजचं आहे त्यांना एका ‘शुड’साठी वीस वर्षं लागली, आणि आमच्या बार्शीच्या मुलाला दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये सुधारायचं होतं!

आता ‘प्लीज’. बहुतेक गाइडांत असतं की सूचनांमध्ये ‘प्लीज’ लिहू नका. नियम बरोबर आहे, पण तो का पाळला जात नाही ते तुमच्या ध्यानात येत नाही. मराठीत अदब क्रियापदात असते. कर, करा, करावे, करावे ही विनंती. एकाच कामाच्या चार पायऱ्या. इंग्रजीत आहे एकच ‘रीस्टार्ट’. आमच्याकडच्या पोराला ते कोरडं ‘रीस्टार्ट द सर्व्हर’ म्हणजे ‘ए, कर रे रीस्टार्ट’ असं ऐकू येतं. समोर कदाचित पन्नाशीचा जर्मन इंजिनिअर असतो. मग हा बिचारा ‘काइंडली’ची उशी लावतो, ‘द सेम’ घालतो, शेवटी ‘डू द नीडफुल’ करून हात जोडतो. त्याला एकदा बसवून सांगा की इंग्रजी सूचनेत कोरडं क्रियापद उद्धट समजत नाहीत, ते आपल्या ‘करा’च्या जागी असतं. दुसऱ्या दिवसापासून ‘काइंडली’ बंद होईल. मी हे सहा जणांना असं समजावलंय, आणि सहाही जणांचं ‘काइंडली’ सुटलं. गाइडमध्ये मात्र फक्त ‘डोन्ट यूज प्लीज’ आहे, कारण नाही.

उलट काही बाबतींत आपल्या लोकांना शिकवायची गरजच नसते, आणि ते कुणी त्यांना सांगत नाही. गूगलने २०१७ मध्ये आपलं डेव्हलपर डॉक्युमेंटेशनचं स्टाइल गाइड सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यात एक नियम आहे : अट आधी सांगा, कृती नंतर. कारण वाचणारा वाचता वाचताच बटण दाबतो, आणि ‘डिलीट दाबा’ नंतर ‘पण अमुक असेल तरच’ हे वाचेपर्यंत उशीर झालेला असतो. आता सांगा, मराठी माणूस दुसरं काय करतो? ‘दिवा लाल झाला की मशीन बंद करा.’ जर-तर, जेव्हा-तेव्हा, झालं की, केल्यास. आपली वाक्यं अटीनेच सुरू होतात. पण माझ्या डोळ्यांदेखत एका रिव्ह्यूमध्ये ‘इफ’ने सुरू होणारी वाक्यं उलटी करून घेतली गेली, कारण तपासणाऱ्याला ती ‘इंडियन’ वाटली.

‘ए’ आणि ‘द’ यांवर मी फार वेळ घालवणार नाही. मराठीत आर्टिकल नाही, आमचं ते चुकतं, चुकत राहील. सर्व्हर कुठला ते नावानिशी लिहिलं असेल तर ‘द’ राहिल्याने तो पडत नाही. ते काम सॉफ्टवेअरवर सोडा. ‘प्रीपोन’वरही (‘पोस्टपोन’च्या उलट, म्हणजे अलीकडे आणणं) लाल रेघ मारू नका, निदान पुण्यातल्या पुण्यात. चांगला शब्द आहे.

मूळ मुद्दा तपासणाऱ्यांचा. आमच्याकडे नांदेडची एक मुलगी आहे. तिने एपीआयच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमनी आमचं सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते सांगणाऱ्या, पानावर एक परिच्छेद लिहिला. शेरा आला, ‘डझन्ट साउंड राइट.’ तिने बदलला. पुन्हा शेरा, ‘स्टिल ऑफ.’ पुन्हा बदलला. तिसऱ्यांदा, ‘कॅन वी मेक इट क्रिस्पर?’ चौथ्या वेळी वैतागून तिने पहिलाच मजकूर जसाच्या तसा चिकटवला. मंजूर! खाली अंगठासुद्धा. तिने मला तो स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा आम्ही दोघी कँटीनमध्ये हसलो. पण नंतर ती म्हणाली की त्या आठवड्यात तिने दुसरं काही लिहायला घेतलंच नव्हतं, भीतीने.

‘कानाला बरं वाटत नाही’ याला ती काय उत्तर देणार? तो कान तिला विकत घेता येत नाही. तपासणारे साहेब कॉन्व्हेंटचे असतील, नाहीतर चार वर्षं न्यू जर्सीत राहून आलेले असतील. त्यांच्या कानाविरुद्ध तिला दाद कुठे मागता येते? लेखी नियमाविरुद्ध मागता येते. नियम वाचता येतो, दाखवता येतो, ‘साहेब, यात असं कुठे म्हटलंय?’ असं विचारता येतं. म्हणून मी सर्व्हेत दर वर्षी ‘होतो’वर टिक करते. आमच्यासारख्यांना गाइडचा सगळ्यात मोठा उपयोग असा की ते तपासणाऱ्याला बांधून ठेवतं. आणि आजवर मी पाहिलेल्या प्रत्येक कंपनीत ते फक्त लिहिणाऱ्याला बांधतं.

यात मी काही जगावेगळं सांगत नाही. कोड कसा तपासावा याबद्दल गूगलने जे मार्गदर्शन जाहीर केलंय त्यात स्पष्ट म्हटलंय की शैलीच्या बाबतीत स्टाइल गाइडचा शब्द शेवटचा, आणि जे गाइडमध्ये नाही ती ज्याची त्याची आवड. किरकोळ सूचना असेल तर तिच्यापुढे ‘निट’ लिहावं, म्हणजे समोरच्याला कळतं की हे केलंच पाहिजे असं नाही. तुमच्या-माझ्या कंपन्यांत कोडच्या बाबतीत हे पाळतातही. कोडची ओळ आत सरकवायला स्पेस चार की दोन यावर कुणी कानाचा हवाला देत नाही. मग जो न्याय कोडच्या ओळीला तो वाक्याला का नाही?

मराठीत तरी आपण काय केलं? मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे १४ नियम ठरवले, १९७२ मध्ये आणखी चार घातले, झाले १८. ते वाचून कुणाला लिहिता आलं असं मी ऐकलेलं नाही. पण प्रेसमध्ये लेखक आणि मुद्रितशोधक यांची शेवटच्या वेलांटीवरून जुंपली की नियम दाखवला जातो आणि वाद मिटतो. मुद्रितशोधकही त्याच नियमाने बांधलेला असतो. त्याला ‘माझ्या आजोबांच्या तोंडी असं नव्हतं’ म्हणता येत नाही.

आणि मुळात तो ‘नेटिव्ह’ कान लावायचा कुणासाठी? आमच्या पानांचे निम्मे वाचक स्टुटगार्टला, काही ओसाकाला. लिहिणारी नांदेडची, वाचणारा ओसाकाचा. इंग्रजी दोघांचंही नाही. त्या ओसाकाच्या माणसाला ‘क्रिस्पर’चं काय कौतुक? त्याला वीस शब्दांचं वाक्य हवं, आणि पहिल्या पानावर ज्याला ‘नोड’ म्हटलं त्याला चौथ्या पानावरही ‘नोड’च म्हटलेलं हवं. शाळेत आपल्याला शिकवलं की एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये, निबंध रटाळ होतो. त्या बाईंचं निबंधापुरतं बरोबर होतं. रनबुकमध्ये ‘नोड’, ‘सर्व्हर’, ‘मशीन’ आणि ‘इन्स्टन्स’ एकाच वस्तूला म्हटलं की रात्री दोनला वाचणारा चार वस्तू शोधत बसतो.

हल्ली म्हणाल की हे सगळं कशाला, एआय आहे. आहेच, मीही वापरते. पण एक गोष्ट बघितली. पूर्वी मुलाचं वाक्य अडखळलं की मला कळायचं, इथे त्याला स्वतःलाच नीट समजलेलं नाही, विचारूया. आता तेच न समजलेलं वाक्य इस्त्री होऊन येतं. त्या ‘शुड बी स्टॉप्ड’ला एआयने हात लावला असता का, मी मुद्दाम करून पाहिलं. त्याने ‘टेकिंग’ बदललं, ‘शुड’ तसंच ठेवलं.

‘गाइड’ म्हटलं की आपल्या पिढीला शाळेतलं गाइड आठवतं, तयार उत्तरांचं. तुम्हाला ही तुलना आवडणार नाही, पण मला नेमकं तसंच हवंय. मोडीच्या काळातला कारकूनसुद्धा प्रत्येक पत्राचा मायना नव्याने रचत नव्हता. हेमाडपंताच्या नावावर सांगतात त्या मेस्तकातून, म्हणजे पत्रलेखनाच्या नियमांच्या पुस्तकातून, तो शिकायचा, आणि त्याचा कुणाला कमीपणा वाटत नसे. आमच्या लोकांना ‘बी कन्साइज’ असा उपदेश देऊन काय मिळणार? त्यांना हवीत तयार वाक्यं. सर्व्हिस थांबवायची तर कसं लिहायचं. काम अर्धवट आहे, सोमवारी पूर्ण होईल, हे कसं कळवायचं. समोरच्याचं चुकलंय हे त्याला न दुखावता कसं सांगायचं. उत्तर हवंय हे ‘रिव्हर्ट’ न म्हणता कसं म्हणायचं. ‘डाउट’ न म्हणता शंका कशी विचारायची. अशी पन्नास-साठ वाक्यं दोन पानांत बसतात.

ती वाक्यं आणायची कुठून? विकत घेतलेल्या टेम्प्लेटमधून नको. आपल्याच गेल्या दोन वर्षांच्या इन्सिडेंट रिपोर्टांतून, म्हणजे काय बिघडलं त्याच्या अहवालांतून, काढा. प्रत्येक घोटाळ्यामागे एखादा शब्द असेल तर तो गाइडमध्ये गेला पाहिजे, चुकलेलं वाक्य आणि सुधारलेलं वाक्य शेजारी शेजारी. माझं ‘शुड’वालं घ्या, माझी हरकत नाही. समितीवर नाइट शिफ्टचा एक जण घ्या, कारण आपली पानं खरी तोच वाचतो. पहिला मसुदा मराठीत लिहायला परवानगी द्या. लेखी द्या, कारण लोक आत्ताही वहीत तसंच लिहितात, फक्त लपवून. आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहा की ज्या शेऱ्यापुढे नियमाचा क्रमांक नाही तो शेरा लिहिणाऱ्याने मानलाच पाहिजे असं नाही. हे शेवटचं एकच केलंत तरी बाकीची पानं तुम्ही हवी तशी ठेवा.

बार्शीचा मुलगा ट्रेनिंगला जाऊन आला. तिथे त्याला एलिव्हेटर पिच शिकवलं, म्हणजे लिफ्टमध्ये साहेब भेटले तर अर्ध्या मिनिटात आपली ओळख कशी करून द्यायची ते. तो आता उत्तर हवं असलं की ‘प्लीज रिप्लाय’ लिहितो. ते मात्र मी सांगितलं होतं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक टेक्निकल रायटर
हिंजवडी फेज २, पुणे

ता. क. आमच्या गाइडच्या पान ३१ वर ‘वन्स’ हा शब्द एकाच परिच्छेदात ‘एकदाच’ आणि ‘झाल्यावर’ अशा दोन्ही अर्थांनी आलाय. दुरुस्ती दिवाळीच्या आधी पाठवली आहे. अजून ‘अंडर रिव्ह्यू’ दिसतेय.